आपल्या तालुक्याचं पाणी



स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. शाळेच्या आठवणी बाकीचे लिहिणारच. घंटा, गॅदरिंग, बोरं आणि चिंचा, सरांची छडी हे सगळं त्यात येईल, आणि माझ्यापेक्षा चांगलं येईल. मी इतिहासावर लिहायचं ठरवलं. आपल्या इतिहासाच्या सरांना याचं हसू येईल, कारण त्यांच्या विषयात मी कधी धड मार्क मिळवले नाहीत. सर, सनावळ्या मला तेव्हा पाठ होत नव्हत्या. आता होतात, कारण आता त्या कशासाठी हव्यात ते कळलं आहे.

सुरुवात ऑफिसातून करते. आमच्या टीममध्ये गुहागरची एक मुलगी आहे. गणपतीच्या रजेचं बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, मीपण कोकणातलीच. तिने विचारलं, "कुठली?" "शहापूर." ती म्हणाली, "ताई, शहापूरला समुद्र कुठे आहे?" आता काय सांगणार? कागदोपत्री आपण कोकण विभागातले. भात लावतो, पाऊस कोकणातला, पण लाट पाहायला गाडीभाडं खर्च करावं लागतं. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला. डहाणू, पालघर, वसई तिकडे गेले आणि ठाणे जिल्ह्याकडे उत्तनच्या बाजूचा थोडा किनारा आणि खाड्या एवढंच उरलं. शहापूर आणि मुरबाड तर आधीपासूनच डोंगराला पाठ लावून बसलेले.

पण नकाशा काढून बघा. आपली एकही नदी समुद्र सोडून दुसरीकडे जात नाही. भातसा काळूला मिळते, काळू उल्हास नदीला मिळते आणि पुढे खाडी. तानसा वैतरणेला मिळते आणि वैतरणा वसईच्या उत्तरेला समुद्रात जाते. आपल्याकडे समुद्र नाही, पण समुद्राकडे जाणारं पाणी आपल्याकडून निघतं. निदान पूर्वी सगळं तिकडेच जायचं. मधल्या दीडशे वर्षांत त्या पाण्याचं काय झालं, त्याची ही गोष्ट.

यात एक माझी वैयक्तिक भानगड आहे, ती आधी सांगून टाकते.

आठवी-नववीत मी वर्गाची मॉनिटर होते. उशिरा येणाऱ्यांची नावं फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचं काम माझं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची लिहिली आहेत, राग धरला असेल तर आता सोडा. उशिरा आलेल्यांनी पहिला तास व्हरांड्यात उभं राहायचं. फेब्रुवारी संपला की एका मुलीचं नाव जवळजवळ रोज त्या कोपऱ्यात असायचं. ती डोळखांबकडच्या एका पाड्यावरून यायची. पाडा पठारावर, एसटी खालच्या रस्त्यावर. तिचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला आठवेल. भूगोलाच्या बाई प्रश्नोत्तरं उतरवून द्यायच्या. त्यात एक प्रश्न होता, मुंबई शहराला पाणीपुरवठा करणाऱ्या तलावांची नावं लिहा. विहार, तुळशी, तानसा, वैतरणा, भातसा. आम्ही ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवत होतो आणि ती बाहेर व्हरांड्यात उभी होती. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या की नाहीत हे शपथेवर सांगता येणार नाही. इतक्या वर्षांनी मी त्या जुळवत असेन. पण दोन्ही घडल्या. ती उशिरा यायची कारण सकाळी आईबरोबर पाणी भरायला जायची. ओढ्याच्या पात्रात खड्डा खणायचा, झिरपलेलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायचं. पुढे आलेली बाई उठेपर्यंत मागचीने बसून राहायचं. नववीनंतर ती शाळेत आली नाही. दहावीच्या फोटोत ती नाही.

गेल्या एप्रिलमध्ये मेळाव्याचं आमंत्रण द्यायला आम्ही तिघी तिच्याकडे गेलो. मी मुलुंडहून कसारा लोकलने आसनगावला उतरले. फाटकापासून माहुली पूर्वीसारखाच दिसतो. नवरा-नवरी आणि भटोबाचे सुळके जागच्या जागी आहेत. बाकी ओळखू येईल असं थोडंच राहिलंय. टॉवर, रिसॉर्टच्या पाट्या, आणि डोक्यावरून जाणारा समृद्धी महामार्ग. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला. त्याच कामावर 2023 च्या ऑगस्टच्या पहिल्याच रात्री सरळांब्याला गर्डर चढवायचं यंत्र कोसळलं आणि 20 माणसं गेली. रस्त्यावरून भरधाव जाणाऱ्याला ते गाव दिसतसुद्धा नाही.

पाड्यावर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. तिचं घर आता पक्कं आहे. अंगणात नळाचा खांब आहे आणि तोटीला चिंधी बांधलेली. मी विचारलं, "पाणी येतं का गं?" "येतं ना. पावसात येतं." तिच्या बोलण्यात काही कडवटपणा नव्हता, तीच तर पंचाईत. नळ ज्या विहिरीवर आहे ती मार्चमध्ये तळाला जाते. मग टँकर. टँकर विहिरीत सोडतात आणि बायका पोहरा टाकून भरतात. आमंत्रणपत्रिका हातात घेऊन ती म्हणाली, "मी तर दहावीला नव्हते. मला कशाला बोलावता?" आणि मग हसून, "फळ्यावर मात्र रोज असायचे हो. तूच लिहायचीस ना?"

परतीच्या लोकलमध्ये मी खिडकीत बसले होते आणि डोक्यात एकच प्रश्न होता. इतक्या पावसाच्या मुलखात, धरणांच्या शेजारी, उन्हाळ्यात प्यायला पाणी का नाही? शाळेत हा प्रश्न मला पडला नव्हता. कोणालाच पडला नव्हता बहुतेक. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी नसतं, हे आपल्याला करवंदं पिकतात तसं ठाऊक होतं. मग मी वाचायला लागले.

पहिलं उत्तर दगडात आहे. सह्याद्रीचा हा सगळा भाग काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला. आपल्याकडे वर्षाला शंभर इंचाच्या आसपास पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत पडतो आणि कातळ तो पोटात घेत नाही. वरच्या मातीत आणि भेगांत मुरेल तेवढंच मुरतं, बाकी सगळं ओढ्याने नदीत आणि नदीने समुद्रात. म्हणून विहिरी दिवाळीला तुडुंब आणि होळीला कोरड्या. जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. माहुलीवर जाऊन आलेल्यांनी कातळात खोदलेली टाकी पाहिली असतील. कातळ पाणी पीत नाही म्हणजे धरूनही ठेवतो, हे ओळखूनच ती खोदली. 1636 साली शहाजीराजे निजामशाहीचा बालराजा घेऊन माहुलीवर येऊन राहिले. मोगल आणि आदिलशाही फौजांनी गडाला वेढा घातला आणि शेवटी गड द्यावा लागला. हे आपण शिकलो. पण तेवढी माणसं तिथे राहू शकली ती या टाक्यांच्या भरवशावर, हे कोणी शिकवलं नाही. (सर, ही तक्रार नाही.)

आता गंमत बघा. विहिरीला जो दगड वाईट, तोच धरणाला उत्तम. खाली पाया भक्कम, पाणी गळून जात नाही, बांधकामाला दगड तिथेच मिळतो. दोन डोंगरांच्या मधली अरुंद जागा बघून भिंत घातली की काम झालं. हे ज्यांच्या लक्षात आलं ते मुंबईचे इंजिनियर होते.

मुंबई म्हणजे सात बेटं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि गोडं पाणी विहिरी-तलावांचं. वस्ती वाढली तसे हाल सुरू झाले. 1860 साली विहार तलाव झाला. पुरला नाही. 1879 ला तुळशी झाला. तोही पुरला नाही. साष्टीच्या डोंगरात आणखी जागा नव्हती. मग त्यांची नजर साठ मैलांच्या आत-बाहेर फिरली आणि आपल्या तानसेवर थांबली. दगडी भिंत बांधायचं काम क्लार्क नावाच्या अभियंत्याच्या देखरेखीखाली झालं. भिंत जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांब. 1892 साली व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते योजनेचं उद्घाटन झालं आणि शहापूर तालुक्याचं पाणी लोखंडी नळातून मुंबईला गेलं.

तेव्हा रेल्वे येऊन बराच काळ झाला होता. मुंबई-ठाणे गाडी 1853 ला सुटली हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण दोनच वर्षांनी, 1855 ला, रूळ आपल्या वासिंदपर्यंत पोहोचले होते. 1861 ला कसारा, आणि घाट फोडून इगतपुरी 1865 ला. आधी रूळ वर चढले, मग पाणी खाली उतरलं. आपल्या तालुक्याच्या आधुनिक इतिहासाची ही दोन वाक्यं. लाकूड, गवत, कोळसा, भाजी, दूध, माणसं, सगळं त्या रुळांवरून खाली गेलं. मीही त्याच रुळांवरून गेले.

तानसेचं एक वैशिष्ट्य मला इंजिनियर म्हणून फार आवडतं. तलाव मुंबईपेक्षा उंचावर आहे, म्हणून पाणी आपल्या वजनाने वाहत जातं. पंप नको, कोळसा नको, पुढे वीजही नको. सव्वाशेहून अधिक वर्षं ते वाहत आहे. आमच्या धंद्यात पाच वर्षं न बिघडता चाललेल्या सिस्टीमला लोक नमस्कार करतात! पण याच उताराची दुसरी बाजू पाड्यांच्या वाट्याला आली. धरण बांधतात खोऱ्याच्या तळाशी. गावं आणि पाडे राहतात वर, पठारावर आणि उतारांवर. तळ्याचं पाणी मुंबईला आपोआप जातं आणि शेजारच्या पाड्यावर मात्र ते चढवावं लागतं. चढवायला पंप, पंपाला वीज, वीज आली की बिल. बिल थकलं की योजना बंद. अशा बंद पडलेल्या टाक्या तुम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांच्यावर पोरं क्रिकेटचा स्टंप काढतात.

मला वाटलं, चला, उत्तर सापडलं. दगड आणि उतार. कोणाचा दोष नाही, भूगोलाचा आहे.

पण मग भातसेचा हिशेब पाहिला आणि ते उत्तर अर्धंच निघालं.

त्याआधी मधली धरणं. स्वातंत्र्यानंतर मुंबई पुन्हा तहानली तेव्हा वैतरणेवर धरण झालं, 1957 साली. महापालिकेचे अभियंते मोडक यांच्या नावाने ते मोडकसागर झालं. 1973 च्या सुमारास ऊर्ध्व वैतरणा, ते घाटावर इगतपुरी तालुक्यात. अलीकडे, 2014 च्या सुमाराला, मध्य वैतरणा, आपल्या आणि मोखाड्याच्या हद्दीवर. आणि 1980 च्या दशकात भातसा. तिच्या कामाच्या वेळी आपण लहान होतो, काही जण जन्मलेही नव्हते. भातसानगरच्या कॉलनीतून शाळेत येणारी मुलं आठवतात? त्यांचे डबे आपल्यापेक्षा चांगले असायचे.

मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सात तलावांच्या साठ्याचे आकडे जाहीर करते. सातही भरले की एकूण 14,47,363 दशलक्ष लिटर. त्यात एकट्या भातसेचे 7,17,037. म्हणजे निम्मं. तानसेचे 1,45,080 आणि मोडकसागरचे 1,28,925 मिळवले तर आपल्या तालुक्याशी बांधलेल्या या तीन तलावांचाच वाटा शंभरात अडुसष्ट होतो. मुंबईत जुलैमध्ये ‘तानसा ओसंडून वाहू लागला’ अशी बातमी येते, आणि आमच्या सोसायटीत लोक एकमेकांना पाठवतात. मी पण पाठवायचे.

आता भातसेचं पाणी मुंबईला कसं जातं ते बघा. तानसेसारखं थेट नळातून नाही. धरणातून ते नदीतच सोडतात. नदीच्या पात्रातून ते वाहत भिवंडी तालुक्यातल्या पिसे गावी येतं. तिथे बंधारा आहे. तिथून ते पंपाने उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि पुढे शहराकडे ढकलतात. पंपाने उचलतात, हा शब्द वाचला आणि मी थांबले. निम्म्या मुंबईचं पाणी उपसून नेलं जातं. रोज, वर्षानुवर्षं, रात्रंदिवस. त्याचं वीजबिल कोणीतरी नियमाने भरतं, आणि ते पंप एक दिवस दुरुस्तीला बंद राहणार असले तर आधी पेपरात छापून येतं. म्हणजे पाणी चढवता येत नाही असं काही नाही. चढवायचं असलं की चढतं.

हे लिहिताना मुंबईवर राग काढायचा माझा हेतू नाही. मी तिथेच राहते. तिथे रोज साधारण चार हजार दशलक्ष लिटर पाणी लागतं आणि ते सगळं काही टॉवरमधल्या शॉवरला जात नाही. वस्तीतल्या नळावर पहाटे चारला रांग लावणारी बाई आणि आपल्या विहिरीवर पोहरा टाकणारी बाई, दोघींची झोप सारखीच मोडते. पाइपलाइनच्या वाटेवरच्या काही गावांनाही पालिका पाणी देते. पण आमच्या घराजवळून जाणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या कडेने मी संध्याकाळी फिरायला जाते, त्या काळ्या नळांना हात लावला की गार लागतात, आणि एप्रिलपासून मला तिथे सरळ चालता येत नाही. घरी आलेलं पाणी भांडुपच्या केंद्रातून आलं काय किंवा पांजरापूरहून आलं काय, बहुतेक आपल्याच तालुक्याचं.

मुरबाडकर मित्र म्हणतील, आमचं काय? तुमचंही तेच, फक्त गिऱ्हाईक वेगळं. बारवी धरण 1972 चं, एमआयडीसीचं. कारखान्यांसाठी बांधलं आणि आता त्यावर कल्याण-डोंबिवलीपासून मीरा-भाईंदरपर्यंतची शहरं जगतात. उंची वाढवल्यावर 2019 च्या पावसात ते पहिल्यांदा नव्या पातळीपर्यंत भरलं आणि आणखी घरं-शेतं पाण्याखाली गेली. मात्र तिथल्या लोकांनी भांडून विस्थापित कुटुंबांतल्या एकेकाला नोकरी मिळवली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे काळू धरण आलं. 2011 ला काम सुरू झालं. लोक कोर्टात गेले आणि 2012 साली उच्च न्यायालयाने काम थांबवलं. भिंतीचा काही भाग उभा राहिला होता. काळू आणि शाई या दोन नद्यांची नावं अजून अधूनमधून नव्या धरणांच्या यादीत येतात.

मुरबाड माझं आजोळ. टोकावड्याच्या पुढे, नाणेघाटाच्या पायथ्याच्या बाजूला. आजोबा घाट दाखवून म्हणायचे, ही आपल्या दारातली जुनी पेठ. तेव्हा ते मला फुशारकी वाटायची. ती फुशारकी नव्हती. सातवाहनांच्या काळात, दोन हजार वर्षांपूर्वी, जुन्नरचा माल नाणेघाटाने उतरून वैशाखऱ्यावरून मुरबाडमार्गे कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत जायचा. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या जुन्या प्रवासवर्णनात कल्याणचं नाव आहे. घाटातल्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, आणि त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत. भारतातल्या अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी ते एक. दिवसभर आकड्यांशी खेळून पोट भरणाऱ्या बाईने तिथे जाऊन नमस्कार करावा असे ते अंक आहेत. जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजणही घाटमाथ्यावर आहे. माझ्या डोक्यात तेव्हापासून घोळतंय ते हे. घाटाने माल जात होता, पण कोणीतरी वाटेत बसून त्यावर जकात घेत होतं. पाण्याच्या वाटेवर असा रांजण कोणी ठेवला नाही.

आणि सिद्धगड. दर 2 जानेवारीला मुरबाडकर तिथे जमतात. 1942 च्या लढ्यात भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. शाळेत आपण हे शौर्य म्हणून शिकलो आणि ते शौर्यच होतं. पण त्यात एक व्यवहाराची अक्कलही होती, ती मला आता दिसते. राजधानीत बसलेल्या सरकारला चिमटा काढायचा तर तो डोंगरात काढता येतो, कारण शहराचं जगणं डोंगरातून जाणाऱ्या तारांवर आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. तारा विजेच्या होत्या. नळ तेव्हाही शेजारच्याच तालुक्यातून जात होते.

तर दगड, उतार आणि मग इच्छा. मी वाचून काढलेलं उत्तर या क्रमाने आहे, आणि तिसऱ्या गोष्टीबद्दल थोडी बरी बातमी आहे. घाटावर इगतपुरी तालुक्यात भावली धरण आहे. तिथून शहापूरच्या गावपाड्यांना पाणी आणायची योजना मंजूर झाली आहे. भावली घाटमाथ्यावर आहे आणि आपले पाडे त्याच्या खाली. म्हणजे पहिल्यांदाच उतार आपल्या बाजूचा असेल. तानसेचं पाणी ज्या नियमाने मुंबईला जातं त्याच नियमाने ते पाड्यावर येईल. ही कल्पना ज्याने कोणी मांडली त्याने फार साधी आणि फार हुशार गोष्ट केली. इतकी साधी की सव्वाशे वर्षं कोणाला का सुचली नाही, असं वाटतं. योजना पुरी होईपर्यंत किती उन्हाळे जातील ते मात्र मी सांगत नाही. आमच्याही क्षेत्रात ‘काम नव्वद टक्के झालं आहे’ या वाक्याला काही अर्थ नसतो.

वाचताना एक गोष्ट फार खटकली. धरणांबद्दल भिंतीची लांबी मिळते, दरवाज्यांची संख्या मिळते, उद्घाटन कोणी केलं ते मिळतं. तळ्याखाली कोणाची भातखाचरं होती, हे सहज कुठे मिळत नाही. तानसेच्या वेळच्या लोकांचे नातू-पणतू आपल्यातच असतील. भातसेचे तर आहेतच. आपल्या वर्गात दोन तरी जण होते, ज्यांच्या घरी ‘जुनं गाव’ असा शब्द यायचा आणि मग मोठी माणसं गप्प व्हायची. आम्ही मुलं समजायचो की जुनं गाव म्हणजे कुठेतरी लांब. ते लांब नव्हतं, खाली होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यातल्या काहींना आपल्या शेताचे बांध दिसायचे म्हणे.

म्हणून एक विनंती. मेळाव्याला येताना घरच्या ट्रंका उघडा. भूसंपादनाच्या नोटिसा, नुकसानभरपाईच्या पावत्या, जुने सात-बारा, धरणाच्या कामावर मिळालेलं हजेरीकार्ड, जुन्या गावातल्या लग्नाचा फोटो, काहीही चालेल. वाळवी लागलेलं असलं तरी आणा. मी स्कॅनर घेऊन सभागृहाच्या मागच्या खोलीत बसणार आहे, चहाच्या टेबलाच्या शेजारी. कागद तिथल्या तिथे परत मिळतील. ज्यांच्याकडे कागद नाहीत पण आजी आहे, त्यांनी आजीला आणा, मी फोनवर बोलणं रेकॉर्ड करून घेईन. सरांनी हे सगळं एकदा नजरेखालून घालावं, तारखा मी अजूनही चुकते.

ती येते म्हणाली आहे. सकाळच्या पहिल्या एसटीने निघणार आहे, तरी कार्यक्रम नऊला सुरू होणार असेल तर तिला उशीर होईल, असं तिने आधीच सांगून ठेवलंय. मी संयोजकांना वेळ दहाची करायला सांगितली आहे.